मणक्याआधीचा कणा

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म त्या उजेडाच्या खोक्यावर अडकवली आणि पेनाच्या टोकाने एकेक मणका मोजत खाली येत गेले. मला त्यात ओ की ठो कळत नव्हतं, एकावर एक रचलेल्या राखाडी विटा आणि त्यांच्या मधे पांढरट ठिपके, पण मी आपला मान हलवत होतो. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे पेन थांबलं. "हे बघा, वरच्या चकत्या कशा पांढऱ्या दिसतायत, आणि ही एक काळी. ह्यातलं पाणी गेलंय."

"म्हणजे झिजलीये का?"

"झिजली म्हणण्यापेक्षा वाळली म्हणा. आत जेलीसारखं असतं ना, ते."

मग गोळ्या, शेक, आणि दोन आठवडे वाकायचं नाही. आता दोन आठवडे आडवं पडून माणूस काय करणार, मोबाईल. मी त्या जेलीबद्दल वाचत बसलो. आधी उपाय शोधत होतो, नंतर उपाय राहिले बाजूला आणि मी जवळजवळ बावन्न कोटी वर्षं मागे जाऊन पोचलो, आणि खरं सांगायचं तर पाठ दुखत असताना तेवढीच एक गोष्ट बरी झाली.

तर ती जेली. मणक्याच्या दोन हाडांच्या मधली चकती म्हणजे बाहेरून चिवट धाग्यांचे पदरावर पदर आणि मधोमध हा पाणी धरून ठेवणारा गोळा. आणि तो गोळा हाडाचा नाही, कुर्चेचा (म्हणजे कानात असतं तसल्या मऊ हाडाचा) पण नाही, तो वेगळ्याच खानदानातला आहे. तो पृष्ठरज्जूचा उरलेला तुकडा आहे. हा शब्द वाचल्यावर मी थेट शाळेतल्या बाकावर. समपृष्ठरज्जू प्राणी, कल्लविदरे, शीर्षसमपृष्ठरज्जू, पुच्छसमपृष्ठरज्जू... हे सगळं आम्ही घोकून पाठ केलं होतं, दोन मार्कांची व्याख्या लिहून आलो होतो, आणि ती वस्तू आपल्याच पाठीत कुठेतरी बसलेली आहे हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी खिडकीबाहेर बघत असेन.

आईच्या पोटात तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूने एक लवचिक दांडी तयार होते, डोक्याकडून खाली शेपटीच्या टोकापर्यंत. हीच पृष्ठरज्जू. हाड वगैरे अजून काही नाही. ही दांडी नुसती पडून नसते, ती आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप पाठवत असते की तुम्ही वर चेतारज्जूचा (मेंदूतून पाठीत उतरणाऱ्या नसांच्या जाड दोरीचा) खालचा भाग व्हा, तुम्ही इकडे मणके व्हा. त्या निरोपाच्या प्रथिनाचं नाव सॉनिक हेजहॉग आहे, व्हिडिओ गेममधल्या निळ्या पात्रावरून, शास्त्रज्ञांनाही कधीकधी पोरखेळ सुचतो. मग मणके दांडीच्या भोवती तयार होत जातात आणि जिथे मणका घट्ट होतो तिथली दांडी चेपली जाऊन पुढे-मागे सरकते, दोन मणक्यांच्या मधल्या जागेत. म्हणजे ज्या दांडीच्या सांगण्यावरून मणके आले त्यांनीच तिला ढकलून कोपऱ्यात बसवलं. उंदरांमधे या पेशींना खूण करून त्यांचा माग काढलाय, चकतीच्या गाभ्यातल्या पेशी पृष्ठरज्जूपासूनच आलेल्या निघाल्या.

आता इथे एक गोष्ट सांगतो कारण पाठदुखीवाल्या प्रत्येकाला कुणीतरी एक ज्ञानी भेटतोच जो म्हणतो की माणूस दोन पायांवर उभा राहिला तिथेच चुकलं. तेवढंच कारण असतं तर डॅशहंड कुत्र्याचं काय? चारही पाय जमिनीवर, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं, आणि चकत्यांच्या दुखण्यासाठी जगभर प्रसिद्ध. त्याच्या चकतीतल्या पृष्ठरज्जूच्या मूळच्या मोठ्या पाणीदार पेशी पहिल्या वर्षभरातच संपत जातात. आपल्याही लहानपणीच जवळजवळ संपतात, त्यांच्या जागी कुर्चेसारख्या दिसणाऱ्या पेशी काम बघतात. मांजर, डुक्कर, ससा यांच्याकडे त्या मूळच्या पेशी बराच काळ टिकतात. आमच्या ज्ञानी मित्राला हे सांगितल्यावर तो म्हणाला, मग मांजरासारखं झोपत जा. असो.

पण ही दांडी मुळात हवीच कशाला? यावर मी बराच वेळ अडकलो होतो, मग उशीच्या अभ्र्यावर प्रयोग करून बघितला (आडव्या माणसाला जवळ तेवढंच असतं). अभ्रा लांब धरा आणि त्याची एक कड ओढा, तो गोळा होतो, आखडतो. आता त्यात प्लास्टिकची पट्टी घाला आणि तीच कड ओढा. आता तो आखडू शकत नाही, लांबी पट्टीने धरून ठेवलीय, मग तो वाकतो. डावी कड, उजवी कड, डावी, उजवी. झालं, हेच पोहणं. मऊ अंगाच्या प्राण्याला दोन्ही बाजूंना स्नायू आणि मधे न आखडणारी पण वाकणारी दांडी मिळाली की तो पाण्यात पुढे सरकायला लागतो. दांडी बनवायची पद्धतही साधी, पाण्याने टम्म भरलेल्या पेशी आणि वरून घट्ट आवरण, सायकलच्या ट्यूबसारखी, फक्त हवेऐवजी पाणी. आपली चकतीसुद्धा त्याच तत्त्वावर चालते, आत दाबाखालचं पाणी, बाहेर आवळून धरणारे पदर. म्हणूनच दिवसभरात चकत्या थोड्या चेपतात आणि रात्री आडवं झाल्यावर परत पाणी ओढून फुगतात, आणि सकाळी आपण रात्रीपेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच असतो. माझी एक सोडून बाकीच्या चकत्या अजून हे करतायत म्हणे.

फक्त ती दांडी घेऊन जगणारा प्राणी आजही आहे, तो म्हणजे शाळेतल्या चित्रातला अँफिऑक्सस. नावाचा अर्थच दोन्हीकडे टोक असलेला. पाचेक सेंटीमीटरचा, अर्धपारदर्शक, उथळ समुद्रातल्या वाळूत शेपटीकडून रुतून बसतो, तोंड तेवढं बाहेर, पाणी आत घ्यायचं, घशातल्या फटींमधून गाळायचं, जे चिकटेल ते खायचं. हाड नाही, जबडा नाही, कवटी नाही. 1774 साली पल्लास नावाच्या जर्मन निसर्गतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं ते गोगलगायीचा बिनशंखाचा भाऊ म्हणून. त्याला फार हसू नये, जारमधे आलेला एक आकसलेला तुकडा बघून आपणही तेच म्हटलं असतं. पण त्याच्या अंगावर बाणाच्या टोकासारखे एकात एक बसलेले स्नायूंचे पट्टे असतात, माशाच्या मांसात दिसतात तसेच, आणि एकदा ते दिसले की मग गोगलगाय म्हणवत नाही.

खरा धक्का मात्र समुद्रपिचकारीचा. खडकाला चिकटलेली लिबलिबीत पिशवी, वर दोन भोकं, एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर, दाबलं की चिळकांडी. हजारो वर्षं लोकांनी तिला शिंपल्या-कालवांच्या गोतावळ्यात बसवलं होतं. 1866 साली अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने तिची अंडी वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि त्यातून बाहेर आलं बेडकाच्या पिल्लासारखं काहीतरी, डोकं, शेपटी, पाठीवर पोकळ चेतारज्जू आणि शेपटीत दांडी. सिओना नावाच्या जातीत तर त्या दांडीत बरोबर 40 पेशी असतात, सुरुवातीला नाण्यांच्या चळतीसारख्या एकामागे एक. बरोबर 40! मला ह्या आकड्याचं फार कौतुक वाटलं.

हे पिल्लू काही खात नाही. काही तास, फार तर थोडे दिवस पोहतं, जागा शोधतं, आणि मग डोक्याकडच्या चिकट गाठींनी खडकाला डोकं टेकवून चिकटतं. आणि मग ते शेपटी आत ओढून घ्यायला लागतं. स्नायू, चेतारज्जू, त्या चाळीस पेशी, सगळं आत ओढून जिरवून टाकतं आणि पिशवी होऊन बसतं. लोक हे सांगताना तिखटमीठ लावून म्हणतात की ती स्वतःचा मेंदू खाते, ते काही तितकं खरं नाही, मोठेपणी तिच्याकडे चेतापेशींची एक नवी गाठ असते आणि पिशवीच्या संसाराला ती पुरते. पण दांडी गेली ती गेली. डार्विनने 1871 मधे कोवालेव्स्कीच्या या शोधाची आवर्जून दखल घेतली, कारण कणा असलेले आणि नसलेले यांच्या मधे जी मोठी दरी दिसत होती तिच्यावर पहिल्यांदाच फळी टाकल्यासारखं झालं होतं.

यावरून वॉल्टर गार्स्टँग नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात एक झकास कल्पना मांडली. तो म्हणाला, आपला पूर्वज अशीच एक बसकी पिशवी असेल आणि कधीतरी तिच्या एखाद्या पिल्लाने मोठं व्हायला नकारच दिला असेल. खडकावर बसलंच नाही, पोहतच राहिलं, पोहता पोहताच त्याला पिल्लं झाली, आणि आपण सगळे त्या न वाढलेल्या पोराचे वंशज. मला ही कल्पना इतकी आवडली होती की ती चुकीची असावी असं वाटतच नव्हतं. पण 2006 मधे जनुकांची मोठी तुलना झाली आणि सगळी बैठक बदलली. तोवर समजूत अशी की अँफिऑक्सस आपला सख्खा आणि समुद्रपिचकारी लांबची. निघालं उलटं, पिचकारीच जास्त जवळची, अँफिऑक्सस तिच्यापेक्षा लांबचा. मग साधा हिशोब असा होतो की आपल्या तिघांचा समाईक पूर्वज मुळातच पोहणारा असणार, दांडीवाला, आणि पिचकारीच्या घराण्याने ती नंतर सोडून दिली. म्हणजे कुणी मोठं व्हायला नकार दिला नव्हता, उलट आपल्या सगळ्यात जवळच्या भावंडानेच मोठेपणी कण्याचा नाद सोडला. आणि त्यांचं काही अडलं का? जगभरच्या समुद्रात बसल्यात मस्त. कणा असणं म्हणजे वरची पायरी वगैरे जे आपण मनात धरून चालतो त्याला इथे जरा सुरुंग लागतो.

जीवाश्मांकडे वळलं तर तिथे अजून गोंधळ, पण आवडेल असा. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकात पिकाया नावाचा एक पाचेक सेंटीमीटरचा प्राणी सापडतो, जवळपास 51 कोटी वर्षांपूर्वीचा. चार्ल्स वॉलकॉटने 1911 मधे त्याला गांडुळाच्या बाजूचा किडा म्हणून नोंदवलं. नंतर कुणाला तरी ते बाणासारखे स्नायूपट्टे दिसले आणि पिकायाचं नशीब पालटलं, तो एकदम आपला पूर्वज वगैरे झाला, पुस्तकांमधे त्याचे फोटो आले. 2012 मधे शंभरावर नमुने घेऊन त्याचं सविस्तर वर्णन झालं. आणि मग 2024 मधे काही संशोधक म्हणाले की थांबा, आपण याला इतकी वर्षं उलटा धरून बघतोय. जी पाठ समजत होतो ते पोट आहे, पाठीवरची म्हणून जी नळी दाखवत होतो ते त्याचं आतडं आहे. शंभर वर्षं उलटा!

याच्यावर हसत असतानाच आठवलं की उलटं असण्याचा प्रश्न आपल्याही अंगात आहेच. कीटक, कोळंबी यांची मुख्य चेतारज्जू पोटाच्या बाजूने जाते आणि हृदय पाठीकडे असतं. आपलं बरोबर विरुद्ध. 1822 मधे जोफ्रॉय सँ-हिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने लॉबस्टर उताणा ठेवून कापून दाखवला आणि म्हणाला, बघा, आता आतली मांडणी आपल्यासारखीच लागते. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पावणेदोनशे वर्षांनी, 1990 च्या दशकात, माशी आणि बेडूक या दोघांमधे पाठ-पोट ठरवणारी जनुकं सापडली, जनुकं नात्यातलीच, पण माशीत जे पोटाकडे काम करतं ते बेडकात पाठीकडे. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्यातरी जुन्या पूर्वजाने कूस बदलली आणि ती बदललेलीच राहिली. कशामुळे यावर तज्ज्ञांची भांडणं चालू आहेत. मी रोज रात्री पाठ दुखते म्हणून दहा वेळा कूस बदलतो, तर म्हटलं घराण्यातच आहे.

अशा बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा हाही एक प्रश्न. 2017 मधे चीनमधून सॅकोरायटस नावाचा एक मिलिमीटरभर पिशवीसारखा जीवाश्म आला, मोठं तोंड, गुदद्वार नाहीच, आणि सगळीकडे आपला सर्वात जुना पूर्वज म्हणून मथळे. मी तेव्हा घरात सगळ्यांना जेवायच्या वेळी ते सांगितलं होतं, कुणाला फारसं आवडलं नाही. 2022 मधे कळलं की अंगावरची जी भोकं घशाच्या फटींची सुरुवात म्हणून मोजली होती ती खरं तर तुटलेल्या काट्यांची बुडखं होती, आणि तो प्राणी आपल्या बाजूचा नाहीच, किडे-कीटकांच्या बाजूचा आहे. ते मात्र मी घरी सांगितलं नाही.

भरवशाचं म्हणावं असं चीनच्याच युन्नान प्रांतातल्या चेंगजियांगचं आहे. 1999 मधे तिथल्या साधारण 52 कोटी वर्षांच्या खडकातून हायकोइक्थिस आणि त्याच्यासारखाच एक, असे बोटाच्या एका पेराएवढे मासे जाहीर झाले. डोळे आहेत, कल्ले आहेत, दांडीच्या बाजूने मणक्यांची अगदी पुसट सुरुवात दिसते. जबडा नाही. पण डोकं आहे, आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे. आपल्या सगळ्या गटाला आपण पृष्ठवंशी म्हणतो, म्हणजे नावातच कणा, पण या घराण्याने खरंच नवीन काही कमावलं असेल तर ते डोकं. अँफिऑक्ससकडे दांडी आहे, पाठीवर चेतारज्जू आहे, घशात फटी आहेत, फक्त डोकं म्हणावं असं काही नाही.

हे डोकं आलं कुठून तर गर्भात चेतारज्जूची नळी मिटत असताना तिच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि भटकायला लागतात. विल्हेल्म हिस याने 1868 मधे कोंबडीच्या गर्भात त्या पहिल्यांदा ओळखल्या. त्या जिथे जाऊन पोचतात तिथे वेगवेगळी कामं धरतात, कुणी चेहऱ्याची हाडं होतं, कुणी दाताचा आतला भाग, कुणी त्वचेचा रंग, कुणी चेतापेशी. 1983 मधे गान्स आणि नॉर्थकट या दोघांनी मांडलं की पृष्ठवंशींचं डोकं ही बरीचशी या भटक्यांची करामत आहे, आणि गाळून खाणारा प्राणी शिकार करून खायला लागला त्याच्याशी ती जोडलेली आहे. पटतं मला. वाळूत रुतून बसायचं असेल तर नाक-डोळे-चेहरा घेऊन करणार काय?

एवढं नवीन काम करायला कच्चा माल कुठला तर त्याचंही एक उत्तर आहे, सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने 1970 मधे सुचवलेलं. पृष्ठवंशींच्या सुरुवातीच्या काळात जनुकांचा अख्खा संच दुप्पट झाला, आणि पुन्हा एकदा. जुनी प्रत घरचं काम सांभाळते, जादाची प्रत उद्योग करायला मोकळी, बऱ्याचशा वाया गेल्या, काहींनी नवी कामं धरली. शरीराचा पुढचा-मागचा नकाशा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा अँफिऑक्ससमधे एकच गट आहे, आपल्यात चार. 2008 मधे अँफिऑक्ससचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा ओहनोचं म्हणणं चांगलंच घट्ट झालं.

आणि हाड? हाड आधी आत आलंच नाही. सुरुवातीच्या कितीतरी बिनजबड्यांच्या माशांमधे ते बाहेर होतं, चिलखत म्हणून, आत सगळी कुर्चा आणि दांडी. मणक्यांना कणा व्हायला फार वेळ लागला आणि काहींना ते आजवर जमलेलं नाही, किंवा गरज पडलेली नाही. लॅम्प्रे हा सापासारखा लांब, बिनजबड्याचा मासा आजही आयुष्यभर दांडीवरच जगतो, वर कुर्चेचे चार तुकडे असतात नावाला. सीलाकँथ, जो केव्हाच नामशेष झाला असं धरून चालले होते आणि 1938 मधे दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळ्यात सापडल्यावर सगळ्यांची झोप उडाली, चांगला माणसाएवढा वाढणारा मासा, त्याच्याही पाठीत मणक्यांच्या जागी द्रवाने भरलेली जाड नळी. एवढा मोठा प्राणी माझ्या वाळलेल्या जेलीच्या जिवावर पोहतोय म्हटल्यावर मला थोडा हेवाच वाटला.

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, जबडा आला, माशांच्या परांचे पाय झाले, कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर 2004 मधे मान आणि मनगट असलेला टिक्टालिक नावाचा मासा सापडला, 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी नको. मला सकाळच्या गोळीबद्दल सांगायचंय. मी थायरॉइडची गोळी घेतो, रिकाम्या पोटी, बरीच वर्षं. अँफिऑक्ससच्या घशाच्या तळाशी एक चिकट पन्हळ असते, पाण्यातले कण तिच्या चिकटात अडकतात, आणि ती पन्हळ आयोडीन साठवते. लॅम्प्रेच्या पिल्लातही तशीच पन्हळ असते, चिखलात बसून गाळून खाताना वापरतात, आणि ते मोठं होताना तिचीच थायरॉइड ग्रंथी होते. एकाच प्राण्यात, एकाच आयुष्यात, डोळ्यासमोर. जेवण पकडायची पन्हळ बंद पडून मानेतली ग्रंथी झाली, आणि माझी नीट चालत नाही म्हणून मी रोज गोळी गिळतो. दुखण्यांची यादी काढली तर माझ्या अंगात समुद्रच जास्त बिघडलेला दिसतो.

परवा भाची आली होती, आठ वर्षांची. तिने कपाटावरचा तो मोठा लिफाफा काढला आणि फिल्म खिडकीला लावली.

"मामा, हा तू आहेस?"

"हो, पाठीकडचा."

मग मी तिला सगळं सांगितलं, पिचकारी, चाळीस पेशी, खडकाला टेकवलेलं डोकं. तिला डोकं टेकवण्याचा भाग फार आवडला, तिने भिंतीला डोकं टेकवून शेपटी आत ओढून दाखवली. मग म्हणाली, "ती दांडी ह्यात कुठाय?" मी म्हटलं ते पांढरे ठिपके दिसतात ना ते, आणि एक काळा झालाय तो शोध बघू. ती बोट ठेवत वरून मोजत आली आणि दुसऱ्याच ठिपक्यावर थांबली, "हा!"

मी म्हटलं अगं वर कसा असेल, तो खाली असतो, कमरेत. तिने परत मोजलं, परत तिथेच बोट. मी उठून, म्हणजे हळूहळू उठून, जवळ जाऊन बघितलं तर काळा ठिपका खरंच वर होता. फिल्म तिने उलटी धरली होती.